चौदाव्या नमुन्यावरची सही

तांता शहरातल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं निबंध तपासून इन्शिराह निवृत्त झाली, आणि घरी बसून पुन्हा निबंधच तपासू लागली. गुण कसे द्यावेत ते शिक्षकांना दाखवणारं एक संकेतस्थळ होतं. त्यावर मुलांच्या उत्तरांचे नमुने, त्यांचे गुण आणि कारणं देत. नियम तिनंच घालून दिलेले. पहिल्या तपासनिसाचे गुण न बघता दुसऱ्यानं स्वतः वाचायचं. चूक निघाली तर गुपचूप पुसायची नाही, कारणासकट वर लिहायची. आणि न वाचता सही करणाऱ्याची सही वर्षभर बंद.

त्या दिवशी सोहाग शहरातल्या एका मास्तरांचं पत्र आलं. 'तुमचा चौदावा नमुना समोर ठेवून मी अकरा पोरं पास केली. वरून सगळा गठ्ठा परत आला. तुमच्याच नियमांनी त्या निबंधाला दहात चार पडतात. तुम्ही पाच कसे दिले?'

इन्शिराहनं निबंध वाचला. चारच. आणि तो ती आज पहिल्यांदाच वाचत होती. पहिले गुण उस्ताद वदीअ यांचे. त्यांनी तिला लहानपणी शिकवलेलं. त्यांचा आकडा बघून तिनं डोळे मिटून सही ठोकली होती.

पत्र संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शहिंदानंही वाचलं होतं; तेवढ्यात तिचा फोन. ती तिचीच जुनी विद्यार्थिनी, आपण बाई म्हणतो तसं अजून 'अब्ला' म्हणायची.

"अब्ला, पाचाचे चार करून टाकते. कुणाला कळतंय?"

"थांब. दुपारची, जुहरची नमाज पढून सांगते."

नमाज झाली, पण गुडघ्यांसारखंच मनही उठेना. हे काम गेलं तर दिवसभर करायचं काय? शेवटी तिनं उस्तादांना फोन लावला.

"पास व्हायला एकच कमी पडत होता गं पोरी," ते म्हणाले. "आपण सगळेच देतो की तेवढा दयेचा गुण."

"पोराच्या पेपरात देतो, उस्ताद. नमुन्यात दिला की सगळे मास्तर तेच गिरवतात."

"मग लिही माझं नाव. ऐंशीव्या वर्षी मला कोण नापास करतंय?"

ती हसली. "तुम्ही निदान दया तरी केलीत. मी तर वाचलंच नाही."

तिनं दुरुस्ती लिहून पाठवली : 'या निबंधाला चार गुण. पाचवा दयेपोटी दिला गेला. दुसरी तपासनीस इन्शिराह हिनं न वाचता सही केली.'

"अब्ला, वेड लागलं का?" शहिंदा ओरडलीच. "साठ नमुने पडलेत तुमच्या सहीसाठी! तुमचा नियम तुम्हालाच?"

"मग कुणाला? सोहागच्या मास्तरांना?"

"आता सही कुणाची घेऊ?"

"जो वाचेल त्याची घे बाई."

शहिंदानं सही बंद केली. इन्शिराह दिवाणावर आडवी झाली. अंग मोडून आलं होतं, पण हातात पेन नाही म्हटल्यावर भरदुपारी झोप काही येईना.