पूजेत कालवलेले बाण

बन्सीला किळस आली ती बाणांच्या काड्यांना फासलेल्या तुपाची नव्हे, नानासाहेबाच्या डोक्याची.

नानासाहेब म्हंजे पडेगावच्या तिरंदाजी क्लबाचा सेक्रेटरी. खंडेनवमीला त्यानं पोरापोरींचे समदे बाण एकाच सतरंजीवर ढीग घालून पुजले. हळद, कुंकू, वरून तूप. काड्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या शोभत नाय म्हणून त्याआधीच सोलून टाकल्या. पूजा उरकल्यावर ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं भात्यात कोंबलं अन् निम्मी पोरं दसऱ्याला कन्नडकडं गावाला पळाली. काळ्या काड्या, दिसायला समद्या सारख्या.

बन्सी नववीतून शाळेला रामराम ठोकून दौलताबाद रोडला पंक्चर काढायचा. मामेबहीण आवडा बाण मारायची, अन् तिचे बाण म्हंजे त्याचा जीव. एकेक काडी दोन खिळ्यांवर आडवी ठेवायची, मधोमध वजन टांगायचं, किती वाकती ते बघायचं. सारख्या वाकणाऱ्या तेवढ्याच तिला द्यायच्या. एक कडक अन् एक नरम असली की नेम तोच धरूनबी बाण दोन जागी जातो. अन् दसरा झाला की लगेच जिल्ह्याची निवड.

"नानासाहेब, आवडाचे बाण निवडून द्या."

"पूजेला लागलेले बाण परत चिवडतो व्हय? देवीपुढं समदे सारखे."

"मग नेम देवी धरणार का?"

"नववी नापासानं मला शिकवू नये." पचकन पिंक टाकून गडी पुतण्याच्या गाडीवर औरंगपुऱ्याला गेलासुद्धा.

बन्सीनं आवडाच्या भात्यातले बाण रॉकेलनं पुसून काढले अन् पुन्हा वजन टांगलं. कुठली सळईसारखी, कुठली शेवईसारखी. एकसारख्या वाकणाऱ्या तीनच निघाल्या.

"तीनच?" आवडा म्हणाली.

"एका फेरीत तीनच मारायचे ना? मोडू नको म्हंजे झालं."

निवडीच्या दिवशी शेवटच्या फेरीआधी एक काडी लोखंडी स्टँडला धडकून चिरली. बन्सीनं भात्यातली एक उचलून दिली.

"ही कडक हाय. डावीकडं पळंल. जरा उजवीकडं धर."

"जरा म्हंजे किती, दाद्या?"

"मला काय ठाव. हात सांगंल तेवढं."

तो बाण बाहेरच्या निळ्या कड्यात गेला. बाकीचे दोन मधल्या पिवळ्यात. यादीत आवडाचं नाव शेवटी लागलं, पण लागलं.

नानासाहेब पेढे घेऊन हजर. पानानं रंगलेली बोटं पेढ्यात रुतलेली. "बघ बन्सी, पूजेचा गुण."

 बन्सीनं पेढ्याकडं बघितलंबी नाय. पुढची निवड मोठी होती, अन् आवडाच्या काड्या अजून भलत्यांच्या भात्यात होत्या. कन्नडची पोरं परतली का बघायला त्यानं गाडीला किक मारली.