शेवटच्या पानापर्यंत

सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या आमच्या इमारतीत खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या एक ताई आहेत. त्या युनिव्हर्सिटीत जुन्या काळच्या एका फ्रेंच समीक्षकावर संशोधन करतात. लेखक समजून घ्यायचा तर त्याची माणसं, भवताल आणि काळ पाहा, असं तो गृहस्थ सांगायचा. ताईंच्या अंगात हे इतकं भिनलंय की खाण्याच्या स्टॉल्सनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये नवा पदार्थ दिसला तरी त्या तीन बोटं मोजत विचारतात, "कुणाचा? कुठला? कधीपासूनचा?" स्टॉलवाल्या आजी त्यांना लांबून पाहूनच हसू लागतात.

ताईही येतात त्या आमच्या मराठी वाचनगटात मी पहिल्यांदाच स्वतःची कथा वाचत होते. दुसऱ्या पानावर एका काकांनी थांबवलं. "इंग्लिश मीडियम ना? भाषेवरून वाटलंच!" मग ते ताईंकडे वळले. "काय मॅडम, तुमचा फ्रेंच बाबा हेच म्हणतो ना, माणूस परिस्थितीतून घडतो?"

सगळे हसले. मीही हसले आणि पानं पर्समध्ये ठेवू लागले. पुन्हा मराठीत लिहायचं नाही, असं मनाशी ठरवूनही टाकलं.

"म्हणतो की," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण काका, तो आधी पुस्तक शेवटपर्यंत वाचायचा."

मग खुर्ची ओढून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "हं, वाच गं. कुठे होतो आपण?"

अजून सात पानं उरली होती. मी ती सगळी वाचली.