आळूशिवाय आळूवडी

हसणार नसाल तर सांगते. हसलात तरी सांगतेच, कारण अख्ख्या सोसायटीला कळलंच आहे. मी एक शोध लावला होता. तो एक दिवस टिकला!

आमच्या आजोबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ते रोज गोळी घेतात. त्या गोळीचं आणि हिरव्या पाल्याचं हाडवैर. पाला जास्त झाला की गोळीचा जोर कमी. म्हणून आईने घरात आळू आणणंच बंद केलं. आणि आजोबांचा जीव कशात? आळूवडीत!

माझी सुनंदामावशी मकरपुऱ्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. पाल्याशी न भांडणारी नवी गोळी शोधणं हेच तिचं काम. कशी शोधता, असं विचारलं तर म्हणाली, रेणूंचे थोडे तुकडे घ्यायचे आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येकाशी जोडून बघायचा. मूठभर तुकड्यांतून शेकडो नवे रेणू तयार होतात. मग रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला त्यातला कोण अडवतो, ते तपासायचं. बहुतेक नापास होतात, पण एखादा पास होतोच.

"फक्त प्रत्येकाची खूण ठेवायची," मावशी म्हणाली. "नाहीतर पास झालेला सापडतो आणि तो कोण तेच कळत नाही."

माझ्या डोक्यात लगेच वडी आली. मावशीची गोळी येईल तेव्हा येईल. तोवर मी आळूशिवाय आळूवडी शोधली तर?

दुधी, काकडी, कच्ची पपई. आंबटाला चिंच, आमसूल, दही. वरून तीळ, ओवा किंवा गोडा मसाला. प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली तर होतात सत्तावीस! गणपतीच्या दिवशी सगळ्या बेसनात कालवून, वाफवून, तळून ताटात ओळीने मांडल्या. खूण? ठेवली ना! ताटातली जागा हीच खूण. चिठ्ठ्या कशाला, मी काय विसरते?

तेवढ्यात आरतीला शेजारची मंडळी आली. पाहुणे आले की मी साधारणपणे फ्रिजमागे सापडते. आईला वाटलं, लेकीने नैवेद्य करून ठेवलाय. तिने ताट उचललं, वड्या छान गोल रचल्या आणि बाप्पापुढे ठेवल्या. आता एवढ्या लोकांसमोर 'हा प्रयोग आहे, हात लावू नका' असं मी म्हणणार? आणि देवापुढे ठेवलेलं परत मागणार?

प्रसाद वाटला गेला. मी फ्रिजमागे डोळे मिटून उभी. आणि बाहेरून आजोबांचा आवाज आला, "अगं, ही तर आळूवडी!"

लाज विसरून मी धावले. कुठली? आजोबांनी रिकामा तळहात दाखवला. प्रसाद कोणी उष्टा टाकतं का?

मावशीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, "परत कर. आम्हीही तेच करतो. एकदा पास झाला म्हणजे काही खरं नसतं."

दुसऱ्या दिवशी परत सत्तावीस. या वेळी प्रत्येकीला टूथपिकने चिठ्ठी टोचली. आजोबा डोळे मिटून एकेक खात होते. छान आहे, पण ती नव्हे. जवळ आलीस, पण ती नव्हे. ताट संपलं, तरी 'ती' सापडेना. उद्या आणखी करून बघ, म्हणाले.

तेवढ्यात समोरच्या गुजराती कोकिलामासी आपला डबा न्यायला आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "दादाने पात्रां भाव्यां?"

म्हणजे, आजोबांना पात्रां आवडली का? आणि पात्रां म्हणजे आपली आळूवडीच. तळलेली, आळूच्या पानांची, अस्सल. आरतीला येताना त्यांनी आणली होती आणि आईने ती माझ्याच ताटात रचली होती!

मी आजोबांकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या घासाला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू परत सत्तावीस करते म्हणालीस. संशोधनात आपण कशाला आडवं यावं?"

आईने घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एका वडीने काही होत नाही. एवढी आवडते, तर दर आठवड्याला ठरावीक खाऊ देत. कमीजास्त नको आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. गोळीचं प्रमाण आपण त्याप्रमाणे बसवू. आजोबांचा चेहरा असा फुलला की बाप्पाही बघत राहिले असतील!

"पण हे आधी कोणी विचारलं का नाही?" आई म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण आजोबांबरोबर तपासणीला दर वेळी मीच जाते. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसते. एक वाक्य बोलले असते, तरी झालं असतं.

पण परक्या माणसाशी एक वाक्य बोलायचं? त्यापेक्षा मला चोपन्न वड्या सोप्या वाटल्या.