सहमचं हळदीकुंकू

"रथसप्तमीच्या आत ये. नंदाताईंचं इथलं शेवटचं हळदीकुंकू आहे," असा मस्कतहून केतनचा मेसेज आला आणि मी तिकीट काढून मोकळी झाले. लोक ओमानला किल्ले, वाळवंट, कासवं बघायला जातात. हळदीकुंकवाला जाणारी बहुधा मीच पहिली! ही २०१६ची सहल. ताई आता भारतात परतल्यात, म्हणून लिहितेय. नावं तरीही बदलली आहेत.

केतन माझा कॉलेजचा मित्र, मस्कतच्या अल् खुवैर भागात नोकरी करतो. त्याला मुलगे आवडतात, मला मुली. तिकडे हा कायद्याने गुन्हा, त्यामुळे हा एरवीचा बडबड्या ऑफिसात मोजकंच बोलतो. "पण सहमला ताईंकडे माझं माहेर आहे," म्हणाला.

शुक्रवारी सकाळी निघालो. मस्कत ते सहम गाडीने दोन-सव्वादोन तास, आणि रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. डावीकडे लांबवर डोंगर, उजवीकडे खजुराच्या बागांमागे समुद्र. कॉफी शॉपपुढे हॉर्न वाजवला की कडक चहा गाडीत हजर, शंभर बैसा फक्त, म्हणजे आपले सतरा-अठरा रुपये. सोबत पराठा-ऑम्लेट घ्याच.

केतन गाडी चालवता चालवता नंदाताईंबद्दल सांगत होता. दापोलीच्या, नर्स, कित्येक वर्षं ओमानात. आमच्यासारख्या कुणाला रूममेट्सनी बाहेर काढलं, कुणाचं घरच्यांनी जबरदस्तीने लग्न ठरवलं, कुणी जीव द्यायला निघालं, की फोन ताईंना. मराठी, मल्याळी, फिलिपिनो, कुणीही असो. सगळ्यांना एकत्र भेटायला निमित्त हवं, म्हणून दर जानेवारीत हळदीकुंकू.

ताई जिन्यापर्यंत घ्यायला आल्या, तेवढ्यात शेजारीण डोकावली. "सिस्टर, इसमें जेंट्स भी आते हैं?"

"हमारे महाराष्ट्र में सब आते हैं," ताई बिनधास्त म्हणाल्या. मी कसंबसं हसू दाबलं.

आत खोली गच्च भरलेली. ताई एकेकाला कुंकू लावत होत्या, मिशीवाल्यांनासुद्धा, आणि ती मोठी मोठी माणसं डोळे मिटून कपाळ पुढे करत होती. एका बाईने कुणालाही न विचारता केवढा संसार उभा केला होता!

यंदा सगळ्यांनी ताईंची ओटी भरायचं ठरवलं होतं. खण मी पुण्याहून नेला होता. तो पाहून ताई मागे सरकल्या.

"मला नको रे. ओटी सवाष्णीची भरतात. माझं लग्न कुठे झालंय?"

सगळ्यांची गुपितं सांभाळणाऱ्या या बाईने स्वतःचं कधीच उघड केलं नव्हतं. दाभोळची रुक्साना, शिवणकाम करणारी, सगळ्यांना ‘ताईंची रूममेट’ म्हणून माहीत. दर हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरातच असायची. आज हात पुसत बाहेर आली आणि नारळ उचलला.

"नंदा, पदर पुढे कर. मी भरते."

"अगं, सगळे बघतायत."

"सगळे आपलेच आहेत. खलास."

ताईंनी पदर पुढे केला आणि रुक्सानाने ओटी भरली. केतन तर हुंदके देऊन रडत होता, आणि माझंही काही वेगळं नव्हतं.

निघताना रुक्सानाने वाण म्हणून कागदात गुंडाळलेली स्टीलची वाटी दिली.

ती पुण्यात आईने उघडली. आपल्याकडे भांड्यावर ‘सौ. अमुक तमुक’ असतं. हिच्यावर नुसतं ‘नंदा रुक्साना’ कोरलेलं. माझं आईला ठाऊक होतं, पण तो विषय तिने कधी काढला नव्हता.

"या कोण?"

"जोडपं आहे, आई. दापोलीला राहायला येतायत." मग ओटीचंही सगळं सांगितलं.

आई बराच वेळ ती स्वच्छ वाटी पदराने पुसत राहिली.

"पुढच्या संक्रांतीला बोलाव त्यांना," ती म्हणाली. "ओटी मी भरीन. आणि खण एक नको आणूस, दोन आण."