एकाच पत्त्यावरचे दोन फोन

"रेंज फुल, बॅटरी फुल. मग फोन उचलायला हात दुखतात का?"

लॅबचे मॅनेजर मयेकर स्मिताला विचारत होते आणि मी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून दारात उभा होतो. आत जावं की थांबावं, कळेना. परळच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला त्यांनीच बोलावलं होतं. लहान ऑफिसांच्या नेटवर्कची कामं मी करतो.

स्मिता तिथली टेक्निशियन, पावसाळ्यात नोकरीला लागलेली. मान वर न करता ती म्हणाली, "सर, फोन वाजलाच नाही."

"दसऱ्यापासून हेच ऐकतोय. सगळ्यांचे वाजतात, तुझाच बरा वाजत नाही!" मग माझ्याकडे वळून, "या कर्णिक. हा फोन बघा. बिघडला असेल तर सांगा. नसेल तर हिला उद्यापासून येऊ नको म्हणणार आहे."

राग उगाच नव्हता. आदल्या दिवशी जवळच्या हॉस्पिटलच्या आयसीयूतून डॉक्टरांनी एका पेशंटच्या पोटॅशियमचा रिपोर्ट विचारायला स्मिताला पुन्हा पुन्हा फोन केला होता. कोणी उचलला नाही. शेवटी वॉर्डबॉय धावत आला. पेशंट सुखरूप राहिला, पण डॉक्टरांनी मयेकरांना जे ऐकवलं ते आता मयेकर स्मिताला ऐकवत होते.

लॅबमधली माणसं सतत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतात. म्हणून प्रत्येकाच्या एप्रनच्या खिशात एक वायरलेस हँडसेट असतो आणि तो ऑफिसच्या वायफायवर चालतो. वायफायवरच्या प्रत्येक वस्तूला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे स्वतःचा पत्ता लागतो. कॉल आला की तो त्या पत्त्यावर पोचवला जातो. बहुतेक ठिकाणी हे पत्ते राउटर आपोआप वाटतो, हॉटेलातला वेटर रिकामं टेबल दाखवतो तसे. आपण उठलो की टेबल दुसऱ्याला. इथे मात्र आधीच्या व्हेंडरनं प्रत्येक हँडसेटमध्ये कायमचा पत्ता हातानं भरला होता. पद्धत चुकीची नाही. फक्त कोणाला कोणता पत्ता दिलाय याचं भान कोणीतरी ठेवावं लागतं.

रिसेप्शनच्या फोनवरून मी स्मिताला कॉल केला. वाजला. परत केला. परत वाजला.

"बघा!" मयेकर म्हणाले.

तिसऱ्यांदा केला. माझ्या कानात रिंग जात होती आणि स्मिताच्या हातातला फोन गप्प होता. तिनं तो मयेकरांच्या नाकासमोर धरला.

मी तिला फोनची बॅटरी काढायला सांगितली आणि लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्यावर पिंग केलं. पिंग म्हणजे दार वाजवून कोणी आहे का विचारणं. बॅटरी टेबलावर पडली होती, तरी उत्तर येत होतं.

"मग बोलतंय कोण?" मयेकरांनी विचारलं.

"तेच शोधायचंय."

प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. उत्तर देणाऱ्याचा क्रमांक स्मिताच्या फोनमागच्या स्टिकरशी जुळेना. म्हणजे एकाच पत्त्यावर दोघं राहत होते. हा दुसरा कोण ते कळत नव्हतं, पण स्टोअररूमजवळच्या वायफायच्या डब्याशी तो जोडलेला दिसत होता.

स्टोअररूममध्ये लोबो केमिकलचे खोके लावत होते. भायखळ्याचे, लॅबमधले सर्वांत जुने. त्यांच्या मागच्या फळीवर एका माणसाचा फोटो होता, सुकलेला झेंडूचा हार घातलेला. फोटोपुढे चार्जरमध्ये एक हँडसेट उभा होता. त्याच्यावर हळदकुंकू होतं.

"हा कोणाचा?"

"आमच्या गावडेचा. होळीच्या आधी गेला ना तो." लोबोंनी हातातला खोका खाली ठेवला. "खंडेनवमीला आम्ही सगळी मशिनं पुसून पूजतो. दरवर्षी गावडेच करायचा. यंदा मी केली पूजा. त्याचा फोन ड्रॉवरमध्ये पडला होता. म्हटलं, सगळ्यांचे पूजायचे आणि ह्याचाच नाही, बरं नाही दिसत. चार्ज करून चालू केला."

"आणि नंतर बंद नाही केलात?"

"पूजलेली वस्तू बंद कशी करणार, साहेब? आवाज तेवढा बंद ठेवलाय."

मी फोन उचलला. स्क्रीनवर मिस्ड कॉल्सची रांग होती. मागोमाग आलेल्या मयेकरांनी चष्मा वर करून पाहिलं. हॉस्पिटलचा नंबर त्यांना पाठ होता. स्मिताला आलेले कॉल इथे येऊन मुक्यानं वाजून गेले होते.

स्मिता लागली तेव्हा व्हेंडरनं या पत्त्यावर पिंग केलं असणार. गावडेंचा फोन ड्रॉवरमध्ये बंद होता, उत्तर आलं नाही. पत्ता मोकळा समजून त्यानं तो तिच्या फोनला दिला. खंडेनवमीला मूळ मालक परत आला. मग दोघांपैकी ज्या फोननं नेटवर्कवर शेवटचं तोंड उघडलं असेल, कॉल त्याच्याकडे.

"एवढंच ना? मग टाका तो बंद करून," मयेकर म्हणाले.

लोबो खोक्यावरची चिकटपट्टी नखानं सोलत राहिले.

माझी पत्नी जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. तिचा मोबाइल मी अजून रोज चार्जिंगला लावत होतो.

"बंद करायची गरज नाही," मी म्हणालो. "ह्याला दुसरा पत्ता देतो."

"नंबर तोच राहील ना पण?" लोबोंनी विचारलं.

"नंबर तोच."

सेटिंग्जमध्ये जाऊन, नेटवर्कचा मेनू उघडून, बटणांवरून नवे आकडे भरले. अंगठ्याला कुंकू लागलं. मग स्मिताच्या फोनला बॅटरी घालून मी कॉल करत राहिलो. दर वेळी तो वाजला. यापुढे पत्ते राउटरच वाटेल अशी व्यवस्था करून मी लॅपटॉप मिटला.

मयेकर स्मिताच्या टेबलाशी गेले. "ते सॅम्पल कधीचे पडलेत. हातमोजे घाल."

"सर, उद्या यायचंय ना मग?"

"नाही तर काय, टेस्ट मी करू?" ते म्हणाले आणि केबिनमध्ये निघून गेले. माफी मागायची त्यांची रीत तीच असावी. स्मितानं हातमोजे चढवले.

पिंगला उत्तर आलं नाही म्हणून पत्ता मोकळा आहे असं धरू नये. आता नव्या ऑफिसात गेलो की लॅपटॉप उघडण्याआधी मी विचारतो, गेलेल्या कोणाचा फोन कपाटात ठेवलाय का. लोक आधी नाही म्हणतात. मग कोणीतरी उठून ड्रॉवर उघडतं.