थांबायला शिकवणारा बद्रुद्दीन

लिहायची मला सवय नाही. पण बद्रुद्दीनला पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत, म्हणून जमेल तसं लिहितो.

लोणावळ्यात बाजारामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज होतं. इंजिनाला कान लावून तो डोळे मिटायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. माणसांशी मात्र बोलणं बेताचंच. आपण कधी कुणाला शिकवू, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

साल सहासष्ट असावं. डोंगरातल्या विजेच्या तारांची देखरेख आमच्या ऑफिसकडे होती आणि मी तिथं स्टोअरकीपर होतो. भुशी धरणाच्या वरच्या वाडीतला नवसू तारांखालून पायी फिरायचा, हंगामी नोकरीवर. ऑफिसात मोटारसायकल आली तसे साहेब त्याला म्हणाले, "दिवाळीपर्यंत शिकलास तर कायम करतो. नाहीतर पुण्याहून माणूस येईल." नवसूची जमीन धरणाच्या वर, खडकाळ. ही नोकरी गेली असती तर मुंबईला हमाली करावी लागली असती.

शिकवायचं काम बद्रुद्दीनवर आलं. "मी यंत्र दुरुस्त करतो, माणूस नाही," तो म्हणाला, पण साहेबांपुढं नाही म्हणवेना.

गाडी सुरू करणं नवसूला पहिल्याच दिवशी जमलं. थांबवणं काही केल्या जमेना. थांबायची वेळ आली की गाडी उलट उसळायची आणि तो भाताच्या खाचरात जायचा. बांधावर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यात त्याची बायको हिरी सगळ्यांत पुढं.

"बद्रुभाई, ही माझं ऐकतच न्हाई. थांब म्हनलं की जास्तच पळती."

"आवं, माझ्याबद्दल बी हे असंच सांगत फिरत्यात!" हिरी म्हणाली.

कुणी गाडीवरून लिंबू उतरवलं. कुणी म्हणालं, नवसू सकाळीच पिऊन येतो. एकदा पुढचं चाकच वाकलं, तेव्हा नवसूनं भावकीतली बैलगाडी आणली. मोटारसायकल वर टाकली आणि तिला धरून मी आणि बद्रुद्दीन मागं बसलो. वाटेत एक शेळी आडवी आली. नवसू मागं रेलला, कासरा दोन्ही हातांनी पोटाशी ओढला आणि म्हणाला, "होऽ, होऽ."

बैल थांबले. बद्रुद्दीन त्या हातांकडे बघत राहिला. मग हळूच हसला. मोटारसायकलची उजवी मूठ मागं ओढली की ती पळते. नवसू जन्मभर ओढून थांबवत आला होता, इथंही तेच करत होता.

रात्रीत चाक सरळ करून दुसऱ्या सकाळी बद्रुद्दीन आम्हाला भुशीच्या उतारावर घेऊन गेला. धुकं इतकं, की आपलाच हात परका वाटावा. त्यानं इंजिन सुरूच करू दिलं नाही.

"हात नुसते ठेव. झोपलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसे. थांबायचं पायानं."

"आणि हातानं काय करू?"

"काही नाही. तेच शिकायचंय."

माझं काम खाली उभं राहायचं आणि मधेच रस्त्यात यायचं, शेळीच्या जागी. त्या सकाळी मला अजून दिसतात. वरून काही आवाज नाही, फक्त ओल्या रस्त्यावर टायरची सरसर. मग धुक्यातून नवसू तरंगत आल्यासारखा यायचा. पाण्यावरून यावा तसा. आणि माझ्यापुढं येऊन हलकेच थांबायचा. कधी कधी वाटायचं, आम्ही तिघं कुणाच्या तरी झोपेत आहोत. सुरुवातीला दोनदा माझा पाय चेपला, ते सोडा.

दिवाळीच्या आधी साहेब स्वतः त्याच्या मागं बसले. आता इंजिन सुरू होतं. खंडाळ्याकडच्या वळणावर धुक्यातून म्हशी निघाल्या, सबंध कळप. मी आणि बद्रुद्दीन कडेला उभे होतो. नवसू तोंडानं "होऽ" म्हणालाच, पण मूठ त्यानं सैल सोडली होती. गाडी म्हशीच्या शेपटीशी थांबली.

साहेब उतरले, घाम पुसला. "कायम," एवढंच म्हणाले. मग बद्रुद्दीनकडे वळले. "इतर ऑफिसांची माणसंही पाठवू का?"

"नको साहेब. यंत्र बिघडलं तर पुन्हा जोडता येतं," बद्रुद्दीन म्हणाला आणि गॅरेजकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी हिरी गॅरेजच्या दारात उभी. सोबत तिचा भाऊ बुधा. त्यानं दूध घालायला जुनी मोटारसायकल घेतली होती.

"बद्रुभाऊ, ह्येला थांबायला शिकवा. ह्यो तर बोलताना बी थांबत न्हाई."

"वहिनी, मी मास्तर नाही."

"मग कोन हाय? आमचा मानूस रोज सांजच्याला धड घरी येतोय, त्यो कुनामुळं?"

बद्रुद्दीननं फडक्याला हात पुसले. मग त्यानं बुधाच्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली, गॅरेजची फळी लावली, आणि तो नि बुधा गाडी ढकलत भुशीच्या चढाला लागले.