फुकटच्या देशातून परतताना

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

आम्ही जर्मनीत बॉबलिंगेनला राहतो. माझे सासरे, अप्पा, पहिल्यांदाच आले होते. अप्पा म्हणजे उभी हयात एसटीत कंडक्टर. विनातिकीट प्रवाशाला माणसात न मोजणारा गृहस्थ! बायकोने मला बजावलं होतं, "अप्पांचं तुझ्याबद्दलचं मत जरा सुधारू दे हां या वेळी!"

मग काय, सीमेलगतच्या ट्रीअरला मित्राकडे मुक्काम टाकला आणि शेजारचा अख्खा देशच अप्पांना दाखवायला काढला. लक्झेंबर्ग! सकाळी मित्राने गाडीने सोडलं, संध्याकाळी ट्रेनने परतायचं होतं. मी आदल्या रात्री माहिती पाठच केली होती.

"अप्पा, हा देश आपल्या पुणे जिल्ह्यात पाच-सहा वेळा मावेल!"

"बरं."

"इथे अजून राजघराणं आहे!"

"असू दे."

"आणि इथे बस, ट्रेन, ट्राम, सगळं फुकट! तिकीटच नाही!"

अप्पा मटकन बाकावर बसले. "तिकीट नाही? मग कंडक्टर काय करतो?"

"कंडक्टरच नाही."

अहो, काय सांगू! चेहरा असा पडला, की मला वाटलं आता ह्यांना पाणी पाजावं लागतंय. दिवसभर प्रत्येक बसमध्ये ते खिशाला हात लावून ताठ बसले, चोरी केल्यासारखे.

संध्याकाळी स्टेशनवर अप्पांना तिकिटाचं मशीन दिसलं आणि ते अडूनच बसले. "जावईबापू, ट्रीअरचं तिकीट काढा. त्याशिवाय मी गाडीत पाय ठेवायचा नाही."

"अहो, फुकट आहे!"

"असेल. मला सवय नाही."

म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस. हसत हसत एक तिकीट काढून दिलं. "घ्या, आठवण म्हणून!" स्वतःचं? छे! मी काय वेडा आहे? फुकटच्या देशात हे मशीन ठेवलंय कशाला, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आणि म्हणे मी सॉफ्टवेअर इंजिनीअर!

गाडी सुटली, एक नदी ओलांडली. तेवढ्यात डब्यात तिकीट तपासनीस. "फारकार्टे, बिट्टे!"

अप्पांनी ऐटीत तिकीट पुढे केलं. मी हसून म्हटलं, "इथे फुकट आहे ना?"

त्याने शांतपणे खिडकीबाहेर बोट दाखवलं. "लक्झेंबर्गमध्ये. ते नदीपलीकडे राहिलं. हे जर्मनी."

सासऱ्यांसमोर, त्यातही या सासऱ्यांसमोर, विनातिकीट पकडलं जायचं? त्यापेक्षा नदीत उडी मारलेली बरी!

तपासनीस माझ्या दंडाची पावती करत होता आणि अप्पा सावकाश उठून समोरच्या बाकावर जाऊन बसले. पावती फाडून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, त्यांना सांगा, मीही याच लाईनीतला. हात मिळवायचाय."

म्हणजे दुभाष्याही मीच! तपासनीस खूश झाला. दोघांनी हात मिळवले, पाठी थोपटल्या, अप्पांनी फोन काढून सेल्फीसुद्धा घेतला.

घरी पोचेपर्यंत तो फोटो एसटी पेन्शनरांच्या ग्रुपवर गेला होता. बायकोनेच अप्पांच्या फोनवर मला दाखवला. खाली अप्पांनी लिहिलं होतं, "जर्मनीतले आपले बंधू ड्युटीवर. मागे मान खाली घालून बसलाय तो फुकट्या आमच्या घरचाच."